ब्रेकबाईचं न दिसणारं दुखणं

तिच्याकडे गाडी चालवायला शिकलेली माणसं तिच्यामागे तिला ब्रेकबाई म्हणत. हे तिच्या कानावर आलं होतं आणि तिला त्यात वावगं काही वाटत नसे. शिकाऊ गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या. शिकणारा गोंधळला, की शेजारच्याने आपला ब्रेक दाबायचा. बावीस वर्षांत तिने तो इतक्या वेळा दाबला होता, की घरी बातम्या बघताना पडद्यावर एखादी गाडी जोरात वळली तरी तिचा पाय फरशीवर आवळला जाई. नवऱ्याला त्याचं हसू यायचं. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. दिवसभर कुणाशी बोलायची वेळ येत नसे, त्यामुळे घरी आल्यावर त्याच्यापाशी हसू शिल्लक असे, शब्द मात्र बेताचेच असत.

पन्नाशी उलटली आणि त्या ब्रेकच्या पायाचा गुडघा कुरकुरायला लागला. धाकट्या भावाचं औषधांचं दुकान होतं, गल्लीच्या तोंडाशीच. त्याने तपासणी-बिपासणीच्या भानगडीत न पडता दुखण्याच्या गोळ्यांची एक पट्टी ताईच्या हातात ठेवली. जेवणानंतर एक घे म्हणाला. घेतली, बरं वाटलं. पुढे एकीच्या दोन झाल्या. दोनांनी छातीत जळजळ सुरू झाली, तेव्हा त्याने जळजळीवरची गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. असं सहा वर्षं चाललं. भाऊ पट्ट्या संपायच्या आत नव्या आणून द्यायचा, ताईकडून पैसे घ्यायचा नाही, आणि बहिणीचं आपण काहीतरी करतोय म्हणून मनातून खूश असायचा. तिच्या गाडीच्या पुढच्या खणात कागदपत्रांच्या आधी त्या पट्ट्याच हाताला लागत.

सत्तावन्नावं वर्ष लागलं आणि पोट बिघडलं.

पहिले आठ दिवस तिने मनावर घेतलं नाही. काहीतरी खाण्यात आलं असेल म्हणून सोडून दिलं. पण आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. दिवसातून सात-आठ वेळा जावं लागे, नुसतं पाणी. आणि पूर्वसूचना म्हणून काही नाही. आतून एकदम हाक आल्यासारखी कळ यायची आणि त्यानंतर हातात मिनिटभर वेळ असायचा, कधी तेवढाही नसायचा. तुमचं-आमचं काम असं, की उठून जाता येतं. तिचं काम एका बंद गाडीत, चालत्या रस्त्यावर, स्टिअरिंगला लटकलेल्या घाबरट माणसाशेजारी.

मग ती रस्ते बदलायला लागली. तिला शहरातला प्रत्येक चौक, प्रत्येक उतार पाठ होता. आता त्यावर दुसराच नकाशा चढला. कुठल्या पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आहे, कुठलं सकाळी कुलूपबंद असतं, कुठल्या वाचनालयातली बाई किल्ली द्यायला कुरकुर करते, हे सगळं तिला तोंडपाठ झालं. गाडी उभी करायचा सराव ती पेट्रोल पंपाच्या आवारातच घ्यायला लागली. "इथे जागा छान आहे, चार वेळा मागे-पुढे घ्या, मी आलेच," असं म्हणून ती दार उघडून जवळजवळ पळायची. शिकणाऱ्यांना वाटे, बाईंचा आपल्यावर विश्वास बसला.

सकाळी ती काही खायची नाही. दुपारी चार घास भात. पाणीसुद्धा घोट-घोट, न जाणो गाडीत असताना कळ आली तर. कपडे सैल झाले. ओळखीच्या बायका म्हणायच्या, छान बारीक झालीस गं, काय करतेस? ती हसून वेळ मारून न्यायची, पण बारीक होत होत गेलेलं माणूस तिने घरात पाहिलं होतं.

ती सव्वीस वर्षांची असताना तिची आई आतड्याच्या कॅन्सरने गेली होती. आईने वर्षभर कुणाला काही सांगितलं नव्हतं. संडासातून रक्त पडत होतं, ती मूळव्याध म्हणून अंगावर काढत राहिली, आणि सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत आईचं मनगट तिच्या दोन बोटांच्या वेढ्यात मावायचं. भाऊ तेव्हा शाळेत होता, त्याला यातलं फारसं आठवत नसे. तिला मात्र सगळं आठवायचं. आता रोज सकाळी दार लावून बसली की ती खाली वाकून बघायची, रक्त आहे का. नसायचं. एकदाही नव्हतं. पण त्याने धीर येण्याऐवजी तिला वाटायचं, आज नाही, उद्या दिसेल. आणि मग ती दोन बोटांनी स्वतःचं मनगट धरून बघायची.

आईने जे केलं तेच आपण करतोय, हे तिला कळत होतं. कळूनही तोंड उघडत नव्हतं. बोललं की ते खरं होणार असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं. भावाला तिने फक्त पोट बिघडलंय एवढं सांगितलं. त्याने जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या, त्यांनी दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

नवऱ्याला कळलं ते गाडीच्या सीटच्या कव्हरामुळे. एका दुपारी तो डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आला, तर ही मोरीत कव्हर घासत बसलेली, पदर खोचलेला, डोळे सुजलेले. शिकाऊ माणूस चौकात गाडी बंद पाडून बसला होता, मागे भोंगे वाजत होते आणि तिला मिनिटभरही वेळ मिळाला नव्हता. माणसाला उतरवून देईपर्यंत ती तशीच बसून राहिली होती, पाय घट्ट जुळवून, त्याला गिअर समजावत.  नवऱ्याने बाही दुमडली, खाली बसला आणि कव्हराचं दुसरं टोक धरून घासायला लागला. कव्हर पिळून दोरीवर टाकल्यावर तो म्हणाला,

"किती दिवस चाललंय?"

"पाच महिने."

त्याने दुमडलेली बाही खाली केली. मग म्हणाला, "उद्या मी सुट्टी टाकतो."

दुसऱ्या दिवशी ते पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर घाईतले होते. आईचा आजार ऐकल्यावर त्यांनी लगेच कॅमेऱ्याची तपासणी लिहून दिली. पोट साफ करायचं औषध पिताना तिला हसावं की रडावं कळेना, पाच महिने दुसरं काय चाललं होतं? तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आतडं अगदी स्वच्छ आहे, गाठ नाही, जखम नाही, काही नाही. तुम्ही मनाला फार लावून घेता, पोट नाजूक झालंय, काळजी करणं सोडा. नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला तो तिला शेजारी बसून ऐकू आला. घरी येताना त्यांनी रिक्षा केली, ती कडेच्या दांडीला डोकं टेकून रडली, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

तो आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवसापासून सगळं पुन्हा होतं तसं. आणि आता भीतीने नवंच वळण घेतलं. आतड्यात काही नाही तर हे पाणी कुठून येतंय? तिला आठवलं, आईच्या वेळीही मोठी माणसं दाराबाहेर वेगळं बोलायची आणि आत येऊन वेगळं. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन काही सांगितलं असेल. नवरा हल्ली जास्तच प्रेमाने वागतोय, ते त्यामुळेच असेल. तो साधा तिच्या पानात वाढायला गेला तरी ती त्याच्या तोंडाकडे संशयाने बघायची. बिचाऱ्याला पत्ताच नाही. तो विचारायचा, आता बरंय ना? ती म्हणायची, हो, बरंय. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे तक्रार करायचा हक्कही गेला, असं तिला वाटायला लागलं होतं. काम तिने सोडलं नाही. घरात बसलं की विचार डोकं खायचे.

त्या दिवसांत तिच्याकडे एक शिंपीणबाई शिकायला येत होती. चौकात तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. वय बावन्न, बोलण्यात कुणाला हार जाणार नाही, पण स्टिअरिंगवर हात ठेवला की तिची वाचा बसायची. एकतीस धडे झाले होते. अजून ती मोठ्या रस्त्याला लागली नव्हती आणि तिसऱ्या गिअरला तर पाहुण्यासारखी बिचकायची. शिकवणारी दुसरी कुणी असती तर केव्हाच हात टेकले असते.

बत्तिसावा धडा सकाळी दहाचा होता. ऊन चढलेलं. ब्रेकबाईला पहाटेपासून पाच वेळा जावं लागलं होतं आणि तिने त्यानंतर अर्धा कप चहा सोडून काही घेतलं नव्हतं. गुडघा ठणकत होता म्हणून दुखण्याच्या दोन गोळ्या मात्र घेतल्या होत्या. नदीकाठच्या रिकाम्या रस्त्यावर शिंपीणबाई दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती. समोरून एक सायकलवाला आडवा आला. ब्रेकबाई सवयीने ब्रेक दाबायला गेली आणि पाय हललाच नाही. पोटरीत असा गोळा आला की तिच्या तोंडून हुंकार निघाला. हाताची बोटं आपोआप वळायला लागली. सायकलवाला आपल्या नशिबाने निसटला. तिच्या डोळ्यांपुढे रस्ता काळा-पांढरा झाला आणि छातीत काहीतरी फडफडायला लागलं, थांबत-थांबत, चुकत-चुकत.

"बाजूला घ्या," ती कशीबशी म्हणाली.

शिंपीणबाईने गाडी कडेला घेतली, आयुष्यात पहिल्यांदा न सांगता हँडब्रेक ओढला आणि वळून बघितलं. बाईंचे ओठ पांढरे पडले होते. तिने फोन करून रुग्णवाहिका मागितली. पलीकडून सांगितलं, अर्धा-पाऊण तास लागेल. सरकारी रुग्णालय पुलापलीकडे सहा किलोमीटरवर होतं. मध्ये मोठा पूल, त्यानंतर पाच रस्ते मिळतात तो गोल चौक, जिथे शिकलेली माणसंही देवाचं नाव घेऊन गाडी घालतात. रस्त्यावर माणूस दिसेना. शिंपीणबाईने घामेजलेले हात साडीला पुसले.

"मी नेते," ती म्हणाली.

"तुम्हाला नाही जमणार. माझा पाय चालत नाही, मला ब्रेक लावता येणार नाही."

"मग मीच लावीन. नाहीतरी माझ्या बाजूलाही एक आहेच की."

त्यानंतरचा प्रवास ब्रेकबाईला तुटक-तुटक आठवतो. गाडी दोनदा बंद पडली. पुलाच्या चढावर मागे घरंगळायला लागली तेव्हा मागच्या ट्रकचा भोंगा अगदी कानात शिरला, आणि तिला वाटलं, आपण कॅन्सरने नाही, अशाच जाणार. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती गाडीत नुसती बसली होती, पायाखाली ब्रेक असूनही त्याचा उपयोग नव्हता. मरायची भीती एवढी अंगाशी आली, की इतके महिने कोंडून ठेवलेलं बाहेर पडलं. ती म्हणाली, "ऐका, मला आतड्याचा कॅन्सर झालाय. आईला झाला होता. घरच्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलंय."

शिंपीणबाईची नजर समोरून हलली नाही. "आत्ता बोलू नका," ती म्हणाली. "मला तिसरा टाकायचाय."

आणि तिने तिसरा टाकला. गोल चौकात ती घुसली तेव्हा चारही बाजूंनी लोक ओरडत होते. पण ती बाहेर पडली, पाहिजे त्याच रस्त्याने बाहेर पडली, आणि रुग्णालयाच्या दारात गाडी आडवी लावून, दार उघडं टाकून, "कुणीतरी या इकडे" असं म्हणत आत धावली. नंतर समजलं, ती सगळा वेळ गाडीचे वायपर चालू ठेवून आली होती.

रक्त तपासल्यावर तिथली धावपळ वाढली. अंगातलं पाणी आटलं होतं, पोटॅशियम इतकं उतरलं होतं की हृदयाचे ठोके चुकत होते, आणि किडन्यांवरही ताण आला होता. सलाईन लागलं, छातीवर तारा चिकटवल्या. डोक्यापाशी यंत्र टिकटिकत होतं आणि प्रत्येक ठोक्यासरशी ती पुढच्या ठोक्याची वाट बघायची. दुपारी नवरा आला, घासायची काच खिशात तशीच घेऊन. तो पलंगाजवळ उभा राहिला. तिनेच विचारलं,

"खरं सांग. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं?"

"कधी?"

"त्या तपासणीच्या वेळी. बाजूला घेऊन."

"मला कुणी बाजूला घेतलंच नाही," तो म्हणाला. "आणि घेतलं असतं तर मी काय तुझ्यापासून लपवू शकलो असतो होय? माझ्या तोंडावर सगळं दिसतं, तूच म्हणतेस." त्याने खिशातली काच बाहेर काढली आणि पुन्हा आत ठेवली. "तू लपवलंस. बरंय म्हणालीस."



दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक डॉक्टरीणबाई आल्या. केस पांढरे, आवाज हळू, आणि मुख्य म्हणजे त्या खुर्ची ओढून बसल्या. रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, हे त्यांनी आधी विचारलं. लागतं, दोन-तीनदा, असं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. नुसत्या काळजीने बिघडलेलं पोट सहसा माणसाला झोपेतून उठवत नाही, त्या म्हणाल्या. मग रक्त, ताप, थायरॉइड, कुणाला संधिवात आहे का, सगळं विचारत गेल्या. सिगारेट ओढता का, या प्रश्नाला ती नाही म्हणाली.

"दोन," नवरा खिडकीकडे बघत म्हणाला. "रोज. गॅरेजच्या मागे."

ती अठरा वर्षं समजत होती की त्याला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी न हसता दोन असं लिहून घेतलं.

"आता गोळ्या सांगा. सगळ्या. डॉक्टरांनी न दिलेल्यासुद्धा."

गोळ्यांची यादी भावाकडे होती, तो बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावलं. त्याने दुकानदाराच्या सवयीने घडाघडा सांगितलं, दुखण्याची ही, दिवसाला दोन, कधी तीन, सहा वर्षं. जळजळीची ही, चार वर्षं. सांगता सांगता डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघून त्याचा वेग कमी होत गेला.

त्या म्हणाल्या, आपण कॅमेऱ्याची तपासणी पुन्हा करू. या वेळी आतडं कितीही छान दिसलं तरी मी ठिकठिकाणचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवणार आहे. मागच्या वेळी तुकडे घेतले नव्हते. एक आजार असा आहे, जो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

तिने त्यातला तुकडे हा शब्द तेवढा ऐकला. आईचेही तुकडेच तपासायला पाठवले होते.

तपासणी झाली, आठ तुकडे काढले. निकालाला पाच दिवस लागणार होते. दुखण्याच्या गोळ्या त्यांनी त्याच दिवशी बंद केल्या आणि जळजळीची गोळीही थांबवली. पोटॅशियम जागेवर आल्यावर तिला घरी सोडलं. ते पाच दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. मीठ-साखरेचं पाणी तासातासाला प्यायची, गुडघा सुजून टरारला होता, जिना चढताना ती एकेका पायरीवर थांबायची. कपाट उघडून तिने साड्या लावल्या, कुठली कुणाला द्यायची ते मनात ठरवलं. गाडी शिकवायचा परवाना, गाडीची कागदं, विम्याची कागदं एका पिशवीत घातली आणि नवऱ्याला पिशवीची जागा दाखवली. त्याने ती पिशवी उचलली, सगळी कागदं बाहेर काढली आणि होती तशी परत वेगवेगळ्या जागी ठेवून दिली.  ती त्याच्यावर चिडली, मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली.

पाचव्या दिवशी तिघं गेले. नवरा, ती आणि भाऊ. डॉक्टरीणबाईंनी पाकीट आधीच उघडून ठेवलं होतं, आणि तिचा चेहरा बघून त्या पहिलं वाक्य तेच बोलल्या जे बोलायला हवं होतं.

"कॅन्सर नाही. आणि जे आहे त्याने कॅन्सर होण्याचा धोकाही वाढत नाही."

तिला ऐकू आलं, पण आत उतरलं नाही. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी समजावलं. आजाराचं नाव मायक्रोस्कोपिक कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, पण ती एवढी सूक्ष्म की कॅमेऱ्यात आतडं गुलाबी, तुळतुळीत, निरोगी दिसतं. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरच कळतं. तिच्या आतड्याच्या अस्तराखाली एक जाड थर तयार झाला होता, त्यामुळे आतड्याला पाणी शोषून घेता येत नव्हतं आणि ते सरळ वाहून जात होतं. पन्नाशीपुढच्या बायकांत हे जास्त दिसतं.

"पण झालं कशाने?" नवऱ्याने विचारलं.

नेमकं कशाने ते कुणालाच सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. शरीराची स्वतःची संरक्षणाची यंत्रणा आतड्यावर उलटते असं वाटतं. काहींना थायरॉइड किंवा संधिवातासारखे आजार सोबत असतात. सिगारेटने धोका वाढतो. आणि काही औषधांशी त्याचं नातं पुन्हा पुन्हा दिसून आलंय. दुखण्याच्या या गोळ्या त्यात आहेत, जळजळीच्या त्या गोळ्याही आहेत. शिवाय अंगात पाणी नसताना दुखण्याच्या गोळ्या किडनीला वेगळ्या जाचतात. त्या दिवशी गाडीत जे झालं ते त्यामुळे आणखी वाढलं.

भाऊ खाली मान घालून ऐकत होता. बाहेर आल्यावर तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला तो उठेचना. आपणच ताईला विष घातलं असं त्याच्या मनाने घेतलं. ती त्याच्याशेजारी बसली. तिच्याही मनात क्षणभर राग येऊन गेला होता, नाही असं नाही. सहा वर्षांत एकदा तरी डॉक्टरला दाखव म्हणाला असता. पण रागावायला गेली तर तिला तो शाळेच्या गणवेषातलाच दिसायला लागला, आईच्या खोलीबाहेर उभा असलेला.

"मी पण मागत होते," ती म्हणाली. "तू एकटाच देत नव्हतास."

तो डोळे पुसत म्हणाला, "दुकानात रोज वीस माणसं येतात ताई, हीच पट्टी मागत. मी कुणालाच काही विचारत नाही."

औषध सुरू झालं. आतड्यातच बहुतेक काम करणारं स्टिरॉइड होतं, आठ आठवड्यांचं. फार काळ चाललं तर हाडं ठिसूळ होऊ शकतात म्हणून हाडांची तपासणी झाली, कॅल्शियम सुरू झालं. तिने सिगारेट सोडली, म्हणजे पहिल्या महिन्यात तीनदा सोडली आणि मग एकदाची सुटली. दहाव्या दिवशी ती सकाळी उठली आणि दुपारपर्यंत तिला जावंच लागलं नाही. या गोष्टीची तिला भीतीच वाटली. सवयीने ती दोनदा दार लावून बसून आली.

गुडघ्याचा प्रश्न राहिलाच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे ती आठवड्यातून दोनदा जायची, शेकायची, पट्टा बांधायची. कळ असह्य झाली तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली वेगळी, साधी गोळी, तीही मोजून. पूर्वीसारखं दिवसाला आठ धडे घेणं काही जमेना. तिने चारावर आणले. शिंपीणबाईची वाहन परीक्षा मधल्या काळात झाली. पहिल्या खेपेला ती गाडी उभी करताना नापास झाली, आणि परीक्षकाला म्हणाली, मी मरणाऱ्या माणसाला गोल चौकातून नेऊन पोचवलंय, तुम्ही मला या दोन खांबांमधून काय जायला सांगता. दुसऱ्या खेपेला पास झाली.

आठ आठवड्यांनी औषध कमी करत थांबवलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, पुष्कळ जणांना हे उलटतं, तेव्हा घाबरून जाऊ नका. सांगून ठेवणं वेगळं आणि होणं वेगळं. पाचव्या आठवड्यात, एका धड्याच्या मध्यावर, तीच कळ आली. पेट्रोल पंप जवळ होता म्हणून निभावलं. पण त्या छोट्या खोलीत दाराची कडी लावून बसल्यावर तिच्या डोक्यात विचार सुरू झाले. त्यांचं चुकलं असेल. तुकडे अदलाबदल झाले असतील. आठ तुकड्यांत नसेल पण नवव्या जागी असेल. सगळी जुनी भुतं एका दमात परत आली आणि नकळत तिच्या दोन बोटांनी मनगट शोधलं.

बोटं पूर्ण पोचत नव्हती. मधल्या काळात तिचं चार किलो वजन भरलं होतं.

ती तशीच थोडा वेळ बसली. मग फोन काढून नवऱ्याच्या दुकानात लावला. मालकाने उचलला, मागच्या खोलीत हाक मारली. यंत्राची घरघर थांबल्याचा आवाज आला.

"पुन्हा सुरू झालंय," ती म्हणाली. "आत्ताच. औषध थांबल्यापासून पहिल्यांदाच. मला भीती वाटतेय."

 तो म्हणाला, "कुठे आहेस? येतो."

औषध पुन्हा चालू झालं, या वेळी कमी मात्रेत आणि जास्त दिवस. त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. चांगले महिने जातात, मग दोन-चार वाईट दिवस येतात. त्या दिवसांत ती पाणी पिते, मीठ-साखर घेते, वजन लिहून ठेवते. भीती गेली नाही, ती जाईल असंही तिला वाटत नाही. भावाच्या दुकानात दुखण्याची पट्टी मागायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना तो हल्ली आधी विचारतो, किती दिवस घेताय, कुणी लिहून दिलंय? काही जण चिडून पलीकडच्या दुकानात जातात. तो त्यांना जाऊ देतो आणि पुढच्याला विचारतो.